बसून वाजवायचा जाझ

नाशिकला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी विचारतात, त्र्यंबकेश्वर केलंत का, आणि मग विचारतात, द्राक्षं आणलीत का. मी दोन्हीही केलं नाही. मी जाझ ऐकायला गेलो होतो. हे शाळेच्या शिक्षकखोलीत सांगितलं तेव्हा चित्रकलेच्या सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. एवढीच काय ती दाद मिळाली.

माझं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी सांगलीत हायस्कुलात भूगोल शिकवतो. शॉर्टवेव्हवर अमेरिकेचं एक केंद्र लागतं, त्यावर जाझ ऐकायचं मला कॉलेजपासूनचं व्यसन. आमच्या मंडळींच्या मते ती फडताळातून भांडी कोसळल्याचा आवाज आहे. घरात ऐकायला कोणी नाही म्हणून मी लिहायला लागलो. आमच्या गावच्या एका साप्ताहिकात 'जाझची कुळकथा' म्हणून सहा लेख लिहिले. पाचव्या लेखानंतर वाचकाचं एक पत्र आलं. ते उसाच्या दराबद्दल होतं, चुकून माझ्या नावावर पडलं होतं. सहाव्या लेखानंतर मात्र खरंखुरं पत्र आलं, आणि तेही नाशिकजवळच्या सातपूरहून.

पत्र असं होतं: "सर, आमच्या खात्यात तासगावचा एक फिटर आहे, त्याला घरून तुमचं साप्ताहिक येतं. तुमचे जाझचे लेख मी वाचले. आमच्या घरी वडिलांपासून जाझ आहे. मी स्वतः जाझ वाजवतो. लेखात तुम्ही एक गोष्ट लिहिली आहे, ती माझ्या फार कामाची आहे. एप्रिल अखेरीला आमच्या गावाकडे, निफाड तालुक्यात, एक लग्न आहे, त्याच्या आत तुम्ही यावे. आपला, लहानू."

निफाड तालुक्यातल्या घरात दोन पिढ्यांचा जाझ! मला रात्रभर झोप आली नाही. मराठी मुलखात हे संगीत कुठवर झिरपलं, हे शोधून काढणारा पहिला माणूस आपणच, असं मला वाटायला लागलं. बायको म्हणाली, "जाऊन या, पण येताना कानात कापूस घालून या." परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले, आणि एकोणऐंशीच्या एप्रिलात मी निघालो.

सातपूर

नाशिकला सकाळी उतरलो. स्टँडजवळ मिसळ खाल्ली. मिसळीच्या बाबतीत आम्ही दक्षिणेकडचे लोक थोडे शिष्ट असतो, दुसरीकडची मिसळ आधी नाकाने तपासतो. इथली काळ्या मसाल्याची, वर भाजलेला पापड, आणि रस्सा वेगळ्या भांड्यात. चांगली होती. हे मी सांगलीत कबूल करणार नाही, इथे लिहितो आहे तेवढंच.

मालकानं विचारलं, "कुठून आलात?" मी म्हटलं, "सांगलीहून. जाझ ऐकायला."

"झांज व्हय? मग इकडं कशाला, आमच्या भजनी मंडळाकडं या ना. आठ जोड्या हायेत. पितळी."

मी त्याला समजावलं की झांज नव्हे, जाझ. तो म्हणाला, "तेच ते." मी वाद घातला नाही. पापड मात्र आणखी एक मागवला.

दुपारी सातपूरला गेलो. कारखान्यांच्या भिंती, मधले रुंद रस्ते, बाभळीच्या सावलीत चहाच्या गाड्या. पाळी सुटायची वेळ होती. भोंगा झाला आणि फाटकातून माणसांचा लोंढा निघाला, सायकली, राजदूत फटफट्या, हातात डबे. त्यात एक चाळिशीचा, काटक, निळ्या कपड्यातला माणूस सरळ माझ्याकडे आला. केसांत लोखंडाचा बारीक कीस चमकत होता.

"सर ना? पिशवीवरून वळखलं. मास्तरांची पिशवी कुठंबी वळखू येती."

हा लहानू. एका छोट्या वर्कशॉपात लेथवर काम करायचा. आठवडाभर सातपूरला दोघांत एक खोली घेऊन राहायचा आणि लग्नसराईत रजा टाकून गावी जायचा. गावात त्यांचा बँड होता. त्याची रजा त्याच दिवसापासून सुरू झाली होती, म्हणून आम्ही तसेच पुढच्या गाडीला बसलो. माझ्या पोटात प्रश्न मावत नव्हते.

"सॅक्सोफोन कुठल्या बनावटीचा आहे हो?"

"सॅक्सोफोन इस्माईलभाईकडं असतो. तो क्लारिनेटबी वाजवतो. बँडचा मास्टर तोच."

"आणि तुम्ही?"

"मी जाझ."

"हो, पण जाझमध्ये काय वाजवता?"

त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "जाझच वाजवतो की सर."

पुढं ओझरपाशी गाडी बराच वेळ थांबली, आणि मी द्राक्षांचा विषय काढला. तासगावची गोड की निफाडची, यावर शेजारच्या बाकावरचे दोन शेतकरीही आमच्यात पडले. निर्णय झाला नाही, पण निफाड येईपर्यंतचा रस्ता कळला नाही.

हा जाझ

गावाचं नाव मी लिहीत नाही. पुढं जे घडलं त्यातली माणसं अजून त्याच गावात एकमेकांना रोज भेटतात. निफाडच्या पुढं, विंचूरच्या वाटेवर, एवढं पुरे. विंचूरच्या बाजाराकडे कांद्यानं लादलेल्या बैलगाड्या चालल्या होत्या आणि रस्त्यावर कांद्याचे पापुद्रे उडत होते. दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांची नुकतीच छाटणी झाली होती. नुसती काळी खोडं आणि तारा. आमच्याकडेही याच दिवसांत छाटतात, त्यामुळे परगावी आल्यासारखं वाटलं नाही.

लहानूचं घर गावाच्या उगवतीला, बौद्धवाड्यात. समोर विहाराची नवी भिंत, अजून गिलावा व्हायचा होता. घरात गेल्यावर वहिनींनी पाणी दिलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि त्यांच्या खाली कोपऱ्यात, धुतलेल्या चादरीखाली, काहीतरी मोठं झाकून ठेवलेलं. लहानूनं हात धुतले, टॉवेलाला कोरडे केले आणि चादर उचलली.

"हा जाझ."

खाली ड्रमसेट होता. एक मोठा ढोल आडवा, त्याला पायानं मारायचं पेडल, वर साइड ड्रम, एक छोटा ढोल आणि स्टँडवर एक थाळी. थाळीची एक कड उडालेली होती. बस्स.

मी खोटं बोलणार नाही, मला रडू यायचं बाकी होतं. चारशे किलोमीटर येऊन दुधाची तहान ताकावर भागवायची वेळ आली, असं वाटलं. "लहानू, याला ड्रम म्हणतात," मी म्हणालो. शिक्षकी आवाजात म्हणालो, हेही कबूल करतो.

"कोन म्हनतं?" तो शांतपणे म्हणाला. "नाशिकपासून मालेगावपोत्तर कुठल्याबी बँडवाल्याला इचारा. जाझ म्हंजे हाच."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्याचे वडील लढाईच्या वर्षांत देवळालीच्या छावणीत झाडलोटीला होते. तिथं गोऱ्या शिपायांसाठी नाचाचा हॉल होता आणि तिथं गोव्याकडची मंडळी वाजवायची. त्यातला जो हा सेट वाजवायचा तो रोज संध्याकाळी वडिलांना सांगायचा, "जाझ पुसून ठेव." वडील दोन वर्षं पुसत राहिले, आणि पुसता पुसता शिकले. गोरे गेले, गोवेकर मुंबईला निघाले, तेव्हा जुना सेट वडिलांना देऊन गेले. वडिलांनी तो बैलगाडीतून गावी आणला आणि विचारणाऱ्याला सांगितलं, जाझ आणला.

आता यात चूक कोणाची? ज्या माणसानं सांगितलं तो जाझच वाजवत होता. ज्यानं ऐकलं त्यानं समोरची वस्तू पाहिली. आणि खरं पाहता हा सेट जाझनंच जन्माला घातलेला आहे. त्याच्याआधी जगात तो कुठंही नव्हता. मी सहा लेख लिहून जे सांगू शकलो नाही ते नाशिक जिल्ह्यातल्या बँडवाल्यांनी एका शब्दात करून टाकलं होतं. माझा राग भाकरीबरोबर उतरला. वांग्याचं भरीत होतं आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. कांदा निफाडचाच श्रेष्ठ, तिथं वाद नाही.

जेवण झाल्यावर लहानूनं पेटीतून माझा लेख काढला. दोन ठिकाणी लाल पेन्सिलीची रेघ होती. पहिली रेघ जिथं होती तिथं मी लिहिलं होतं की, अमेरिकेतले काळे वादक ज्या हॉटेलात रोज वाजवत, त्या हॉटेलात त्यांना टेबलाशी बसून जेवता येत नसे, मागच्या दारानं यावं-जावं लागे. दुसरी रेघ एका छोट्या वाक्याखाली होती: "मिरवणुकीतला जाझ नाचाच्या हॉलमध्ये गेला आणि ढोलवाला बसला."

"हे तुमी लिहिलंय," तो त्या दुसऱ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला. "हेच माझ्या कामाचं हाय."

त्याचा आजा गावात हलगी वाजवायचा. लग्न असो, देवाची जत्रा असो, दाराबाहेर उभं राहायचं आणि वाजवायचं. सकाळपासून उभं. जेवण सगळ्यांत शेवटी, तेही दाराबाहेरच. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर वाड्यातल्या लोकांनी ती हलगी बंद केली. लहानूच्या वडिलांनी ती विहिरीत टाकली. पण वाजवणं हातात होतं, ते कुठं टाकणार? आणि घरात जाझ होता.

"वडील म्हनायचे, हे वाजवाया हरकत नाय. हे बसून वाजवायचं असतंय. खुर्चीवर."

एवढं एकच कारण. मी लेखात त्या वाद्याची दहा वैशिष्ट्यं लिहिली होती. खुर्ची त्यात नव्हती. आमच्या सांगलीकडे ताशेवाले असेच मांडवाबाहेर उभे असतात. लहानपणापासून बघत आलोय, आमच्या मुंजीत, बहिणीच्या लग्नात. मला कधी खटकलं नाही, आणि हे त्या खोलीत बसून मला स्वतःशी कबूल करावं लागलं.

आतापर्यंत त्यांचा बँड बहुतेक आपल्या समाजाच्या लग्नांत, जयंतीच्या कार्यक्रमात आणि निफाडच्या मंगल कार्यालयात वाजवत आला होता. तिथं खुर्ची होती. यंदा प्रथमच गावातल्या मोठ्या बागायतदारानं, तात्यांनी, नातवाच्या लग्नाला बोलावलं होतं. नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला जातो, ती मिरवणूक वाजवायची. चालत्या मिरवणुकीसाठी लहानूनं हातगाडी तयार केली होती. वर फळी, फळीला बोल्टानं आवळलेला जाझ, आणि मागं घरातली लाकडी खुर्ची. बँडमधल्या दोघांनी ढकलायची. तात्यांना हे कळलं तेव्हा निरोप आला: बाकी बँड येऊ दे. जाझवाल्यानं ढोल गळ्यात घ्यावा आणि चालावं. घरची मोठी माणसं पायी चालणार आणि वाजंत्री बसून येणार, हे गावात शोभायचं नाही.

लहानूनं उलट निरोप धाडला. बसून, नाहीतर नाही.

"उद्या त्यांच्याकडं जायचंय," तो म्हणाला. "मी बोललो तर उर्मट म्हनतील. तुमी शिकलेले. जाझ बसूनच वाजवतात, हे छापलेलं तुमीच सांगा."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, आणि या लग्नात एक विघ्न निवारायला सांगलीहून भूगोलाचा मास्तर आणला होता.

तात्यांचा ओटा

सकाळी आम्ही तिघं गेलो. मी, लहानू आणि इस्माईलभाई. इस्माईलभाई येवल्याच्या विणकर घरातले, साठीला टेकलेले, मेंदी लावलेली दाढी. वाटेत ते मला म्हणाले, "सर, हा आदमी लय जिद्दी हाय. मैं बोला, एक दिन खडे रहके बजा ले. नाय म्हन्तो. पन ताल का पक्का. उसके बगैर मेरा क्लारिनेट लंगडा चलता."

तात्या उंच, शेलाटे, बोलायला अगदी गोड. उठून आले, "या सर, बसा," म्हणाले. ओट्यावर एक खुर्ची होती, मी बसलो. गड्यानं ताक आणलं. ताक पिऊन पेला खाली ठेवला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की लहानू आणि इस्माईलभाई अंगणातच उभे आहेत. उठावं की न उठावं, ते मला सुचेना. मी उठलो नाही.

छाटणीच्या, पाण्याच्या, औषधाच्या गोष्टी झाल्या. मग तात्या म्हणाले, "हां. तर ते जाझचं काय?"

मी व्याख्यान दिलं. दुसरा शब्द नाही. न्यू ऑर्लिन्स नावाचं नदीकाठचं शहर, तिथल्या मयताच्या आणि सणाच्या मिरवणुका, त्यांतले पितळी वाद्यांचे बँड, ते बँड पुढं नाचघरांत कसे शिरले, सगळं सांगितलं. तात्या लक्ष देऊन ऐकत होते. माझ्या वर्गात एवढं कोणी ऐकत नाही.

"म्हंजे सर," ते म्हणाले, "मुळात हे लोक मिरवणुकीतच वाजवायचे ना?"

"हो."

"आन मिरवणुकीत ढोलवाला बसून जायचा का चालत?"

मी लहानूकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. खोटं बोललो असतो तर कोणाला कळलं असतं? निफाड तालुक्यात तरी कोणाला नाही. पण सहा लेख लिहिलेल्या माणसाला तेवढं जमलं नाही.

"चालत," मी म्हणालो. "आधी चालतच वाजवायचे."

तात्या हसले. उपहासानं नव्हे, हिशेब जुळल्यावर माणूस हसतो तसे. अंगणात लहानूनं मान खाली घातली.

मग मी घाईघाईनं पुढचं सांगितलं. आधी एक माणूस मोठा ढोल वाजवायचा, दुसरा छोटा, कोणी थाळी. नाचघरात जागा कमी, तेव्हा तीन माणसांचं काम एकानं अंगावर घेतलं. दोन हात पुरेनात, म्हणून पेडल निघालं आणि पायही कामाला लागले. "आता तुम्हीच सांगा तात्या, पायानं वाजवायचं तर माणूस चालणार कसा? लेथवर, शिवणयंत्रावर माणूस बसतोच ना? तसंच हे. ही कामाची गरज आहे."

लेथवर माणूस उभा राहून काम करतो, हे मला लहानूनं नंतर सांगितलं. तात्यांना ते माहीत नसावं. त्यांनी थोडा विचार केला.

"पायाचं काम हाय म्हंता. मंग ठीक हाय. कामासाठी बसतोय, तर बसू द्या."

जिंकलो! परत येताना मी हवेत होतो. इस्माईलभाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. लहानू मात्र काही बोलला नाही. बांधावरून पुढं पुढं चालत राहिला.

"का हो, झालं ना तुमच्या मनासारखं?"

"झालं ना सर," तो म्हणाला. "काम झालं."

त्याच्या आवाजात काहीतरी कमी होतं. दमला असेल, असं मी धरून चाललो.

मारुतीच्या वाटेवर

लग्न दोन दिवसांनी, गोरज मुहूर्ताचं. चारच्या सुमाराला मिरवणूक निघाली. पुढं घोडा, घोड्यावर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव अशोक, मग घरची माणसं पायी, नाचणारे तरुण, मग बँड, आणि बँडच्या मागं हातगाडी. गाडीवर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून लहानू खुर्चीत बसला होता. वाड्यातल्या बायका कोपऱ्यावर येऊन उभ्या होत्या. वहिनीही होत्या, डोक्यावरचा पदर दातात धरून.

मी गाडीच्या बाजूनं चालत होतो आणि मनाशी हसत होतो. अमेरिकेत रस्त्यावरचा ढोल घरात जाऊन बसला. इथं तोच बसलेला ढोल परत रस्त्यावर आला होता, पण बसण्याची सवय न सोडता. एवढी उत्क्रांती माझ्या एकाही लेखात नव्हती.

आणि वाजवणं काय होतं! इस्माईलभाई लग्नाची नेहमीची चाल वाजवत होते, पण लहानू तिच्या खाली वेगळाच खेळ करत होता. जिथं ठोका पडेल असं वाटायचं तिथं तो हात रोखायचा आणि पुढच्या अर्ध्यावर टाकायचा. पाय मात्र संथ, एकसारखा. नाचणाऱ्यांची पावलं क्षणभर अधांतरी राहायची आणि मग सगळे एकदम खाली यायचे, हसत. शॉर्टवेव्हच्या खरखरीतून मी वर्षानुवर्षं जे कान देऊन ऐकलं ते निफाड तालुक्यातल्या धुळीत माझ्या हातभर अंतरावर चाललं होतं. माझे डोळे भरून आले. धुळीनं नव्हे.

वेशीच्या अलीकडे रस्त्यात दगडी नाली आहे. गाडीचं चाक तीत आपटलं. खट्टकन आवाज झाला आणि मोठा ढोल बंद पडला. पेडलची दांडी मुळातून तुटली होती. लहानूनं वाकून पाहिलं आणि मान हलवली. बँड थांबला, नाच थांबला, घोडाही थांबला.

पुढून तात्या मागं आले. "काय झालं?"

"जाझचा पाय मोडला," इस्माईलभाई म्हणाले.

"दुरुस्त हुईल?"

"आत्ता नाय," लहानू म्हणाला. "वेल्डिंग लागंल."

तात्यांनी गाडीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. आवाज चढवला नाही. खरं सांगायचं तर अगदी समजुतीनं बोलले. "मंग आता पायाचं काम ऱ्हायलं नाय. तो बारका ढोल सोड, गळ्यात घे आन उतर. चालत ये. का हो सर? तुमीच म्हनला होता ना, पायासाठी बसायचं असतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवरदेवसुद्धा घोड्यावरून वळून बघत होता. आणि दोन दिवसांपूर्वी बांधावर लहानू का गप्प होता, ते मला तिथं कळलं. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी त्याच्यासाठी बसायची परवानगी मिळवली होती, आणि ती त्या लोखंडी दांडीला बांधून आणली होती. दांडीबरोबर ती तुटली. मला माझ्या हुशारीची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तरी माझ्याकडे एक उत्तर होतं. जाझचा पुढचा इतिहासच तसा आहे. नंतरच्या वादकांनी पायाचा एकसारखा ठोका सोडून दिला, ठेका उचलून थाळीवर नेला, पाय कधीमधी हलवला तर हलवला. पण म्हणून कोणी वादक खुर्चीवरून उठला नाही. मी घसा साफ केला. "तात्या, असं आहे की पुढच्या काळात..."

"सर, ऱ्हाऊ द्या," लहानू म्हणाला.

तो खुर्चीत बसूनच बोलत होता. तात्या खाली उभे. दोघांचे डोळे एका रेषेत नव्हते, आणि आजूबाजूच्या प्रत्येकाला ते दिसत होतं.

"तात्या, तुमी मोठे. तुमचा अपमान नाय. पन पायासाठी बसतो, कामासाठी बसतो, असं मी कधी म्हनलो नव्हतो. ते सर म्हनले. मला बसून वाजवायचंय म्हनून मी बसतो. वाजवू, का गाडी माघारी वळवू? तुमी सांगा."

घोड्यानं मान झटकली, त्याचे घुंगरू वाजले. तात्यांनी इस्माईलभाईंकडे पाहिलं. त्यांच्याकडून त्यांना मदतीची आशा असावी.

इस्माईलभाईंनी क्लारिनेट तोंडाशी नेला होता, तो खाली घेतला. "जाझ जाएगा तो बँड बी जाएगा, तात्या. आमचं एकच हाय."

घोड्यावरून अशोक म्हणाला, "तात्या, चला ना. मुहूर्त टळंल."

तात्या हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. खांद्यावरचं उपरणं सारखं केलं, वळले आणि मारुतीच्या दिशेनं चालायला लागले. ते पुढं पोचताच घोडाही निघाला.

ढकलणाऱ्या दोघांनी गाडीला खांदा लावला. चाक नालीतून वर आलं. लहानूनं दोन्ही काठ्या उचलल्या आणि थाळीवर हलका ठेका धरला. मग बिनकामाचे झालेले दोन्ही पाय वर घेतले, जेवायला बसावं तशी खुर्चीतच मांडी घातली, आणि चालत्या मिरवणुकीत जाझ वाजवायला लागला.